अंगणाची उंची

३ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय ती कामापुरती. भाची असल्याचा एवढा फायदा तरी घेऊ दे. फोनच केला असता, पण तुझ्या कानांनी करवतीच्या आवाजापुढे केव्हाच हात टेकलेत. शिवाय हे काम ओरडून सांगण्यासारखं नाही, यात इंच आहेत.

मी घर बदललं. आमच्या बस डेपोच्या मागे एक इमारत आहे, वर चार मजले. तिच्या तळमजल्यावर, अगदी पाठीमागची खोली. दहा बाय अकरा. त्यातच एका कोपऱ्यात ओटा. मोरी एवढी अरुंद की आत गेल्यावर वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं. मागचं दार उघडलं की सात बाय नऊची मोकळी जागा. घर दाखवणारा माणूस तिला अंगण म्हणाला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. चारी बाजूंनी उंच भिंती आणि खाली वरच्या बिऱ्हाडांनी वर्षानुवर्षं टाकलेला कचरा. ते दार मी पहिल्या दिवशी उघडलं आणि लगेच लावून टाकलं.

तू छत्तीस वर्षं बोटींवरच्या केबिनी केल्यास. आठ फुटांत चार माणसं, त्यांचे कपडे, त्यांची भांडणं, सगळं बसवलंस. माझ्याकडे दोन खाटा, एक लाकडी कपाट, टेबल, तीन खुर्च्या, दोन ट्रंका आणि इतकी भांडी आहेत की ती कुठून आली मला आठवत नाही. सध्या मी घरात चालत नाही, कडेकडेने सरकते. काय ठेवू, काय काढू, ते सांग.

आणि एका खाटेपासून मागच्या दारापर्यंत, भिंतीला धरून चालायला कठडा हवाय. जमिनीपासून अडीच फुटांवर. भिंत जुनी आहे, खिळा मारला की पोपडा पडतो.

मी बरी आहे. सकाळची पाळी आहे, तिकिटं फाडून अंगठा सोलवटलाय, तरी अक्षर लागेल असं वाटतं.

तुझी भाची

११ जानेवारी

चि. खारूताईस,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा मामा म्हणून, एकदा सुतार म्हणून. मामाला राग आला. सुताराला आला नाही, म्हणून उत्तर सुतार लिहितोय.

केबिनीतला पहिला धडा असा की जमीन फक्त पायांची. जमिनीवर जे उभं आहे ते तुझ्या वाटेत उभं आहे. कपाट काढून टाक, ते घर अडवून बसलेला पाहुणा आहे. त्याच्या फळ्या तेवढ्या ठेव आणि दाराच्या वर, खिडकीच्या वर, जिथे डोकं लागत नाही तिथे भिंतीला बसव. टेबल भिंतीला बिजागरीवर टांग. काम झालं की मिटायचं. तीनपैकी दोन खुर्च्या देऊन टाक, एक खुंटीला लटकव. तुझ्या खाटेला उंच पाय लाव, खाली ट्रंका सरकव. भांड्यांचं मला विचारू नकोस, त्यात देवही पडत नाही.

कठडा सरळ भिंतीवर ठोकू नकोस. आधी भिंतीत भोकं पाडून, प्लग घालून एक लांब लाकडी पट्टी स्क्रूने आवळ आणि कठडा त्या पट्टीवर बसव. भिंत आणि कठडा यांच्यात दोन बोटं जागा सोड, नाहीतर चालताना हाताची सालं निघतील. टोकं गोल घास. कोपरे सगळ्या घराचेच गोल घास.

आता मामाचं. अडीच फुटांवरचा कठडा मोठ्या माणसाच्या कामाचा नसतो. त्यात खाटा दोन. मला विचारायचा हक्क नाही, म्हणून विचारत नाही. पण घरात एखादं पोर असेल, कुणाचंही, कुठूनही आलेलं, तर मामाला सांगायला लाजू नकोस. मी बंदरावर जन्म काढलाय, माणसं कुठून कुठून येतात ते पाहिलेलं आहे.

आणखी एक. अंगणाची लांबी-रुंदी कळवलीस, उंची कळवली नाहीस. सुताराला दोनच मापं देऊन कुणी काम सांगतं का?

मामा

२६ जानेवारी

ती. मामा,

तुझं पत्र डेपोत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एवढी हसले की ड्रायव्हरनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

पोराचं म्हणतोस तर हो, लहानच आहे असं समज. भरवावं लागतं. बोलत नाही फारसं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतं. कुणाचं, कुठून, ते सवडीनं सांगीन.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कपाट गेलं तेव्हा वाटलं, घराला कुणीतरी बाहेरून ओढून मोठं केलं. टेबल आता भिंतीवर तसबिरीसारखं मिटून असतं. पहिल्यांदा मिटलं आणि मी उगीचच खोलीच्या मध्ये उभी राहून एक गिरकी घेतली. कशाला काही लागलं नाही.

मग हिंमत करून मागचं दार उघडलं. चार रविवार... नाही, खोटं कशाला बोलू, दोन रविवार आणि तीन रजा लागल्या. एकोणीस पोती कचरा निघाला. कपडे वाळत घालायचे चिमटे, एका बाहुलीचा हात, चौदा कंगवे, एक भिंतीवरचं घड्याळ. सगळ्यात खाली चिखल होता. तो खरवडताना फावडं कशावर तरी खणकन वाजलं. पाणी ओतलं तर खाली फरशी. नुसती नव्हे मामा, काळी-पांढरी, मधोमध आठ पाकळ्यांचं फूल, एकही तडा नाही. ही इमारत बांधणाऱ्यांपैकी कुणीतरी हे या सात बाय नऊसाठी मुद्दाम बसवलं होतं. मी तिथेच ओल्यात बसले. वरच्या मजल्यांवरची माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती. एवढी वर्षं ती ज्यावर कचरा टाकत होती ते त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवसापासून वरून काही पडलेलं नाही.

तू उंची विचारलीस. गच्चीवरून दगड बांधून दोरी सोडली आणि मोजली. बावन्न फूट. त्याच्या वर आभाळ आहे, तेही सात बाय नऊच. ऊन मात्र खाली पोचत नाही. दुपारी बाराच्या सुमारास तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर अकरा मिनिटं असतं आणि तिथूनच परत जातं.

कठडा बसवलाय. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

तुझी भाची

६ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

फरशीचं वाचून मी काम थांबवलं आणि शेजारच्या बोटीवरच्या रंगाऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ज्यानं ती बसवली त्याला माहीत असणार की कुणी बघणार नाही. मी म्हणालो, म्हणूनच तडा नाही.

आता नीट ऐक. तुला वाटतं तुझं अंगण सात बाय नऊ आहे. ते बावन्न फूट आहे, फक्त आडवं नाही, उभं आहे. जमिनीचा मोह सोड. कडेला दोन पिंपांत माती भर आणि भोपळ्याचं बी लाव. भोपळ्याला चढायला सांगावं लागत नाही. त्याला दोरी दे.

मागच्या दाराचे आडवे दोन तुकडे कर. खालचा अर्धा बंद, वरचा अर्धा उघडा. बोटीवरच्या स्वयंपाकघराला असं दार असतं. म्हणजे तू कामावर गेलीस तरी पोर आतून बाहेर बघू शकेल. खाट फिरव, त्याचं तोंड दाराकडे येऊ दे.

आणि ऊन. येत नसेल तर आणावं लागतं. जुन्या बोटींत डेकच्या फळीत जाड काच बसवायचे, तिच्यातून तळाच्या कोठीत उजेड उतरायचा. मी पोरसवदा असताना पहिल्यांदा त्या कोठीत उतरलो होतो, पाण्याखाली, आणि तिथे भिंतीवर ऊन होतं. अजून अंगावर काटा येतो. तुझ्याकडे डेक नाही, पण गच्ची आहे. मोठा आरसा मिळव. गच्चीच्या कठड्यावर असा टांग की तो सूर्याकडे बघेल आणि थोडा खाली वाकेल. ऊन सरळ अंगणात उतरेल. खाली दुसरा आरसा तिरका ठेवलास तर ते दारातून घरात येईल. फक्त सूर्य थांबत नाही, त्यामुळे वरचा आरसा कुणीतरी सारखा फिरवत राहायला हवा. असं कुणी आहे का, ते मला माहीत नाही.

मामा

४ मार्च

ती. मामा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली. आता सरळच सांगते.

पोर नाही. आई आहे.

गेल्या मे महिन्यात तिचं मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, डॉक्टर म्हणतात आता चालायला काही हरकत नाही. पण ती उठतच नाही. आधीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, तिला खाली आणता यावं म्हणून हे घेतलं. इथे आल्यापासून तिनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. तू म्हणालास म्हणून खाट फिरवली, तर ती कूस बदलून परत भिंतीकडे. मी पहाटे पाचला निघते, दोनला येते. तोवर ठेवलेलं दूध तसंच असायचं. शेवटी मी गावाबाहेरच्या एका संस्थेत तिच्यासाठी अर्ज भरला. एक मार्चला तिथे जागा होणार होती. हे मी तिला सांगितलं नव्हतं आणि तुलाही नाही. मामी गेली तेव्हा तू आईला म्हणालास, यापुढे मला बहीण नाही. मी तेव्हा दारातच उभी होते. मग तिच्या नावानं तुझ्याकडे काय मागणार? पोराच्या नावानं मागितलं.

आता काय झालं ते ऐक.

चौथ्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांचं सलून होतं. दुकान बंद करून दोन वर्षं झाली, पण दुकानातले दोन मोठे आरसे त्यांनी पलंगामागे जपून ठेवलेत. चाळीस वर्षं लोकांनी ज्यात तोंड बघितलं ते भंगारात कसं घालू, म्हणतात. (ते चौदा कंगवेही त्यांचेच निघाले.) मी तुझं पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि एवढंच विचारलं, खाली कोण आहे. मी म्हटलं, माझी आई. इमारतीत हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

त्यांनी आरसा चौकटीत बसवला, चौकटीला मधोमध बोल्ट लावला आणि गच्चीच्या कठड्याला बांधला. दुसरा मी खाली अंगणात तिरका उभा केला. गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी सव्वाअकराला, काकांनी वरून हाक दिली.

आधी समोरच्या भिंतीवर अगदी वर एक पांढरा चौकोन उमटला. मग तो खाली यायला लागला. तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या बनियनवरून, पाण्याच्या पाइपवरून, खिडक्यांच्या गजांवरून. ज्या खिडकीवरून जाई तिथे कुणीतरी येऊन उभं राही. तो फरशीवर टेकला आणि ते आठ पाकळ्यांचं फूल एकदम उजळलं. किती वर्षांनी तिथे ऊन पोचलं असेल कोण जाणे. मी खालचा आरसा इंचभर सरकवला. ऊन अर्ध्या दारावरून आत गेलं, आईच्या पाठीवरून चढलं आणि ज्या भिंतीकडे ती सात-आठ आठवडे बघत होती, ती भिंतच उजळली.

ती हलली नाही. मग तिचा हात वर आला. भिंतीवर हाताची सावली पडली. तिनं एक बोट हलवलं, सावलीचं बोट हललं. पाचही बोटं हलवली. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही, मी दारात आरसा धरून उभी होते आणि मला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. मग ती कुशीवर वळली. स्वतःहून.

"हे कोण आणतंय?" म्हणाली.

मी म्हटलं, मामा.

मग म्हणाली, "त्याला कुणी सांगितलं मी इथे अंधारात आहे म्हणून?"

"कुणीच नाही. तो एका लहान पोरासाठी करतोय."

ऊन तिच्या डोळ्यांवर होतं, त्यामुळे ती हसली की नुसते डोळे बारीक केले ते मला कळलं नाही. दूध मात्र प्यायली.

काका आता रोज सव्वाअकरा ते सव्वाएक गच्चीवर छत्री लावून बसतात आणि दर पाच मिनिटांनी आरसा जरासा फिरवतात. संस्थेला मी फोन केला, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून.

तू रागावला असशील तर रागाव. पण मी हे तुझ्यापासून लपवून ठेवू शकले नाही.

तुझी भाची

३० मार्च

ती. मामा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघतेय असं समजू नकोस; म्हणजे बघतेय, पण घाई नाही.

भोपळा तिसऱ्या आठवड्यात दाराच्या वर गेला. दोरी संपली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणी घेणाऱ्या बाईंनी खिडकीतून आपली दोरी खाली सोडली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काल बघितलं तर तिसऱ्या मजल्यावरूनही एक दोरी येऊन लोंबकळत होती. वेल अजून तिथवर पोचायची आहे, पण दोरी आधीच वाट बघतेय.

आई परवा खाटेच्या कडेला पाय सोडून बसली. तिला कठडा दाखवला. ती म्हणाली, राहू दे.

तुझी भाची

१२ एप्रिल

चि. खारूताईस,

तुझं मार्चचं पत्र मी हत्यारांच्या पेटीत ठेवलं आणि महिनाभर त्या पेटीला हात लावला नाही. दुसऱ्याची हत्यारं वापरली. रागावलो होतो. कुणावर ते ठरेना, म्हणून लिहिलं नाही.

मग एक दिवस तुझं पहिलं पत्र परत वाचलं. अडीच फूट. तेव्हा मला ते पोराचं माप वाटलं होतं. ताई माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती. लहानपणी फळीवरचा डबा मला तीच काढून द्यायची. मी एक फळी भिंतीला उभी केली, अडीच फुटांवर रेघ मारली आणि हात ठेवून बघितला. कठडा एवढ्या खाली हाताला यायचा तर माणसानं किती वाकायला हवं, ते उभं राहून बघितलं. तसाच थोडा वेळ वाकून उभा राहिलो. रंगारी म्हणाला, काय हरवलं. मी म्हटलं, काही नाही, माप घेतोय.

सोबत एक खुर्ची पाठवतोय. मिटते. हात टेकायच्या जागा रुंद आहेत, उठताना जोर लावता येईल. बैठक तुझ्या अर्ध्या दाराच्या मापानं केलीय, म्हणजे बसल्या जागेवरून वरपर्यंत दिसेल. कुणासाठी ते मी लिहीत नाही. तुला कळतं.

मामा

५ मे

चि. धाकट्या,

हात कापतो, म्हणून अक्षरं चढ-उतार करतील. सांभाळून घे.

खुर्ची आली. बसले. तू माझं माप न घेता कशी केलीस, ते मी पोरीला विचारलं नाही.

तुझी बायको आजारी होती तेव्हा मी आले नाही. तू जे बोललास ते बरोबरच होतं, पण तुला एक गोष्ट माहीत नाही. माझा माणूस त्याच दुखण्यानं गेला. दीड वर्ष मी ते रोज बघितलं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पिशवी भरून स्टँडवर गेले. गाडी लागली, माझा पाय उचलेना. ती सोडली. दुसरी सोडली. घरी आले. तिसऱ्या दिवशी परत गेले आणि परत आले. पोरीलाही सांगितलं नाही. ती कंडक्टर, तिला काय सांगू, की मला गाडीत चढता आलं नाही?

हे लिहायचंच होतं. आता दुसरं लिहिते, कारण ते सांगायला दुपारी घरात कुणी नसतं.

वेलीला दोऱ्यासारखा एक ताणा फुटतो, तू पाहिलायस का? तो हवेत चाचपडत असतो, अंधारात हात फिरवावा तसा. परवा मी एकाच ताण्याकडे अकरापासून बघत बसले. हळूहळू गोल फिरत होता. डोळ्यांना दिसत नाही, पण खिडकीच्या गजाच्या मापानं बघितलं तर जागा बदललेली असते. दोरी त्याच्यापासून चार बोटं लांब होती. मला वाटलं, सांगावं त्याला, इकडे. एकच्या सुमारास त्याचं टोक दोरीला लागलं. दोन वाजता पोरगी आली तेव्हा त्यानं तिला दोन वेढे घातले होते. त्याला डोळे नाहीत, हात नाहीत, कुणी शिकवलेलं नाही. मी सत्तर वर्षांची झाले आणि हे जगात रोज चाललेलं होतं.

दाराच्या चौकटीत एका कुंभारीण माशीनं मातीचं मडकं केलंय, वाटाण्याएवढं. एकेक कण आणते. मी मोजायचं सोडून दिलं. सकाळी फूल उमलतं तेव्हा त्यात मुंग्या आधीच हजर असतात. कोण वर्दी देतं त्यांना? पोरगी म्हणते अंगण सात बाय नऊ आहे. असेल. मला अजून त्याचा शेवट सापडलेला नाही.

काल कठडा धरून दारापर्यंत गेले. सहा पावलं. परत यायला वेळ लागला.

तुझी ताई

१७ मे

ताई,

तू त्या दोन गाड्या सोडल्यास, ते लिहिलंस हे बरं केलंस.

मी त्या दिवसांत रोज इकडच्या स्टँडवर जात होतो. दुपारच्या गाडीला आणि संध्याकाळच्या. सगळी माणसं उतरून जाईपर्यंत थांबायचो, मग घरी जाऊन तिला सांगायचो, आज गर्दी होती, उद्या येईल. तू सोडलेल्या दोन्ही गाड्या मी बघितल्या असणार. मीही हे कुणाला सांगितलेलं नाही.

ताण्याचं वाचलं. आमच्या इथे कुंपणावर कसलीशी वेल आहे. काल मी दोन तास बसलो. रंगाऱ्याला वाटतं, माझं डोकं फिरलं. आज तोही बसला.

हातातल्या बोटीचं काम जुलैत संपतं. मग येतो. झोपायला अंगणात जागा ठेवा, पावसासाठी ताडपत्री मी आणतो, मला सात फूट पुरतात.

धाकटा

२१ जून

ती. मामा,

तू यायच्या आधी तुला हे कळलं पाहिजे, नाहीतर आई तुला स्वतः सांगेल आणि निम्मं गाळेल.

सलूनवाल्या काकांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावलं, दहा दिवस उन्हाकडे बघायचंही नाही. आरसा फिरवणार कोण? त्या दोन तासांत इमारतीत मोकळं कुणी नसतं. मी बसवर, शिकवणीवाल्या बाईंची मुलं आलेली. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मी जाते.

मला वाटलं थट्टा करतेय. पंच्याऐंशी पायऱ्या आहेत. पण तिचं आधीच ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचव्या. चौदा तारखेला काका दवाखान्यात गेले. पाऊस यंदा लांबलाय, वर ऊन रखरखत होतं, पण चार दिवस ते खाली आलं नाही. चौथ्या दिवशी वेलीची खालची पानं मरगळली, आणि आई संध्याकाळभर एकेक पान हाताखाली धरून बघत होती.

अठरा तारखेला मी रजा घेतली. सकाळी बघते तर जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक खुर्ची. कुठल्या घरातून कुठली आली कळायला मार्ग नव्हता. मी तिच्याबरोबर निघाले, तर तिनं मला अडवलं. "तू खाली थांब. ऊन बरोबर पडतंय की नाही ते सांगायला खाली कुणीतरी पाहिजे." शिकवणीवाल्या बाई त्या दिवशी मुलांना सुट्टी देऊन तिच्याबरोबर गेल्या.

मी अंगणात उभी राहिले. जिन्याच्या खिडक्या अंगणातच उघडतात, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. काठी टेकल्याचा आवाज, मग पाऊल, मग खूप वेळ काही नाही. पहिल्या मजल्यावर खुर्ची कुरकुरली. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी पाणी दिलं. तिसऱ्या मजल्यावर ती इतका वेळ थांबली की मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. तिथे आपला पहिला भोपळा लागलाय, तिथल्या बिऱ्हाडानं तो बाजाराच्या जाळीच्या पिशवीत घालून खिडकीला टांगलाय. ती त्याच्याशी बोलत होती म्हणे. सव्वा तास लागला.

मग वर, बावन्न फुटांवर, आभाळाच्या कडेला तिचं डोकं दिसलं. अंगठ्याच्या नखाएवढं. ती कठड्याला धरून खाली बघत होती. दिवसभर जिच्याकडे ती खालून बघत बसते ती वेल, त्या दोऱ्या, पिवळी फुलं, तळाशी फरशी आणि तिच्यावर मी, हे सगळं ती पहिल्यांदा वरून बघत होती.

मग भिंतीवर चौकोन उमटला. काकांच्या हातून येतं ते ऊन स्थिर असतं, मामा. हे थरथरत होतं. पाण्यावरून परतून आल्यासारखं. ते चुकून पाइपवर गेलं, परत आलं, एका खिडकीत शिरलं, बाहेर पडलं. पानांवरून उतरताना एकेक पान आतून पेटल्यासारखं हिरवं होत होतं. फरशीवर आलं. माझ्या पायांशी आलं, गुडघ्यांवर आलं, आणि मग माझ्या तोंडावर. मला काही दिसेना.

वरून हाक आली, "पडलं का गं?"

मग मी दोन्ही हात वर केले. ऊन हललं, सरकलं, पुन्हा मला शोधत आलं, आणि तिचा हात थकेपर्यंत तिनं ते तसंच माझ्यावर धरून ठेवलं.

तुझी भाची